शिसवी कानातल्यांची कुरकुर

"हलू नकोस. श्वास घेतलास तरी चालेल, पण बेताने," खुंटीराव बायकोच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले आणि त्यांनी स्वतःचाच श्वास रोखून धरला.

बायको स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात डब्याचं झाकण आणि डाव्या कानाच्या पाळीला नवऱ्याची दोन बोटं. "अहो, मला कामावर जायचंय. कानातलं घालताय की कानात खोली बांधताय?"

"खोलीच आहे ती," खुंटीराव झोपेतून बोलल्यासारखे म्हणाले. "दार आहे, कडी आहे. फक्त राहायला माणसं यायची बाकी आहेत."

खुंटीराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. या सुताराने उभ्या जन्मात खिळा ठोकला नव्हता. जे जोडायचं ते लाकडात लाकूड अडकवून, खुंटी घालून, पाचर मारून. म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं आणि ते लाकडात लाकूड बसावं तसं बसलं. हा नाद त्यांना लागला एका जपानी सुतारामुळे. तो म्हातारा एका बागेत लाकडी मंडप उभारायला आला होता. फळी धरायला माणूस हवा म्हणून तरुण खुंटीराव तासाभरासाठी गेले, ते ऋतू बदलल्यावर घरी आले. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हातारा सांध्याला कान लावायचा, बोटाने टकटक करायचा. सांधा पसंत पडला तर डोळे मिटायचा, नाही पडला तर उघडे ठेवायचा. एवढ्या दोन शब्दांत त्याने आपली सगळी विद्या दिली. लोक सांगतात, तो मंडप पुरा झाला तेव्हा त्यात औषधालाही खिळा नव्हता, वारा सुटला की तो झाडासारखा डुलायचा आणि एका वर्षी तर त्याला पालवी फुटली. आता पालवीचं खरं-खोटं देव जाणे. पण पाखरं फसायची एवढं नक्की.

पण जग प्लायवुडचं झालं. बिनखिळ्याच्या पलंगासाठी वर्षभर थांबेल असं गिऱ्हाईक राहिलं नाही. खुंटीरावांचं काम आटत गेलं. पलंगावरून पेटीवर, पेटीवरून डबीवर आणि शेवटी डबीवरून दागिन्यावर आलं. हे कानातले त्यातलेच. वर शिसवाचा काळाभोर तुकडा, खाली पांढऱ्या हलक्या लाकडाचा. खालच्याचं टोक पारव्याच्या शेपटीसारखं कापलेलं, ते वरच्याच्या खाचेत सरकवलेलं. डिंक नाही, तार नाही. लाकडाला श्वास घेता यावा म्हणून आत केसभर जागा सोडलेली.

"झालं का लग्न लाकडाचं?" दारातून आवाज आला. हे बायकोचे थोरले भाऊ. यांचा प्लायवुडच्या कपाटांचा कारखाना होता. एका फळीला दहा खिळे आणि खिळ्यामागे वाटीभर डिंक असा त्यांचा हिशोब, म्हणून त्यांचं नाव खिळेशेठ. "भावोजी, सोमवारपासून या म्हणतो. डिंक लावायचा, खिळा मारायचा, घरी यायचं. स्वप्नं बघायला रविवार मोकळा."

"दादा, आजचा दिवस जाऊ दे की," बायको म्हणाली.

आजचा दिवस मोठा होता. शहरातल्या दागिन्यांच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी खुंटीरावांची कारागिरी पाहिली होती. पण बिनतारेचं, बिनडिंकाचं काही टिकतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी सरळ सांगितलं, "सकाळी घाला. दिवसभर काम करा. मध्ये एकदाही कानातून काढायचे नाहीत. संध्याकाळी मी माझ्या डोळ्यांनी बघीन. टिकले तर माझ्या दुकानात काचेची एक फळी तुमची." आणि नाही टिकले, तर सोमवारी खिळेशेठचा डिंक. खुंटीरावांनी तसा शब्दच दिला होता. शब्द देताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की बायकोने तेव्हाच ठरवलं, कान गेला तरी चालेल, कानातलं जाता कामा नये.

टक्. शेवटची पाचर बसली. खुंटीरावांनी कान लावून ऐकलं आणि समाधानाने डोळे मिटले.

बायको काम करायची ती कानाच्या दवाखान्यात. लोकांना किती ऐकू येतं हे तपासणं हे तिचं काम. तिथे तिला सगळे ताई म्हणत, आपणही म्हणू. दवाखान्यात भिंतींना जाड गादी लावलेली एक खोली होती, तिचं नाव डबी. डबीचं दार लावलं की बाहेरचं जग कापसात गुंडाळल्यासारखं दूर जायचं. आत ताई आणि पेशंट समोरासमोर बसत. ताई यंत्राची कळ दाबत; पेशंटच्या कानावरच्या हेडफोनमध्ये बारीक आवाज येई; आला की त्याने बोट वर करायचं.

इतक्या वर्षांत ताई एक गोष्ट शिकल्या होत्या. बहिऱ्या माणसाशी ओरडून बोललं तर त्याला वाटतं रागावले, कुजबुजून बोललं तर वाटतं चहाडी चाललीय. त्यापेक्षा मान बरी. ताईंची मान फार गोड हलायची. "बसा," मान खाली. "घाबरू नका," मान खाली-वर. "ऐका हं आता," पुन्हा मान. दिवसाकाठी त्यांची मान जेवढी हले तेवढी झाडावरची पानं हलत नसतील.

त्या शनिवारी पहिले पेशंट होते घड्याळजी. म्हातारे, कोट घातलेले, मालकीणबाईंचे वडील. मालकीणबाई त्यांना सकाळी सोडून गेल्या होत्या. संध्याकाळी न्यायला येणार, तेव्हाच कानातलेही बघणार. घड्याळजींचा बहिरेपणा हळूहळू आला होता. आधी मनगटी घड्याळं गप्प झाली, मग टेबलावरची, मग भिंतीवरची. एके दिवशी चौकातल्या मनोऱ्याचे ठोकेही बंद पडले, तेव्हा ते हत्यारांची पिशवी घेऊन मनोऱ्यावर चढले. तिथे त्यांना कळलं की घड्याळ ठणठणीत आहे. तेव्हापासून ते कुणाशी फारसं बोलत नसत. ऐकायचं यंत्र आणून दिलं तर ते उघडून, साफ करून, परत बंद करून खणात ठेवत.

ताईंनी हेडफोन चढवला, समोर बसल्या आणि नेहमीसारखी मान हलवली.

कुर्र.

घड्याळजींचं बोट वर गेलं.

ताईंनी अजून कळ दाबलीच नव्हती. त्या हसल्या आणि "थांबा, अजून सुरू व्हायचंय" अशा अर्थाने मान हलवली. कुर्र. बोट वर. ताईंनी मग कळ दाबली. बोट खाली. आता आवाज वाढवला, तरी बोट खालीच. "काळजी करू नका," ताईंची मान म्हणाली. कुर्र. बोट वर, आणि या खेपेला घड्याळजींचे डोळे चमकले.

"होडी," ते म्हणाले.

आवाज ताईंनाही ऐकू आला होता. पण दोन्ही कानांत सारखाच वाजणारा आवाज कुठून येतो हे कुणाला सांगता येतं? समोरून आला म्हणावं तर समोर म्हातारा, मागून म्हणावं तर भिंत. खुर्ची असेल, असं म्हणून त्यांनी खुर्ची बदलली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा कानातच होता.

तपासणीचा कागद बघून डॉक्टर चक्रावले. "ताई, यांना गेल्या वर्षी घंटा ऐकू येत नव्हती. आणि आता कळ दाबायच्या आधीच बोट वर? हे बरोबर आहे?"

ताईंनी मान हलवली. कुर्र.

डॉक्टर बोलता बोलता थांबले. कोपऱ्याकडे बघितलं. छताकडे बघितलं.

"काय झालं, डॉक्टर?"

"काही नाही. तुम्हाला काही... नाही, काही नाही. परत तपासा यांना. तपासाल ना?"

कुर्र.

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या कुणाला आवाज आला असता तर त्याने सरळ विचारलं असतं, काय वाजतंय हो? पण कानाच्या डॉक्टराने असं विचारायचं कसं? रोज चार माणसं त्यांच्यासमोर बसून सांगत, डॉक्टर, मला नसलेले आवाज येतात. डॉक्टर त्यांना धीर देत आणि मनात म्हणत, सुटलो बुवा आपण. आता कुणाचे कान वाजत होते? खुद्द डॉक्टरांचे! शहरात कानाचा दुसरा डॉक्टर होता, पण त्याच्याकडे जाण्यापेक्षा कान कापून टपालाने पाठवलेले बरे.

डॉक्टर पुढला तासभर खोलीत एकटे बसले. एकही आवाज आला नाही. ताई फाईल घेऊन आल्या, "हीच का?" डॉक्टरांनी विचारलं, ताईंनी मान हलवली, कुर्र. ताई गेल्या, शांतता. डॉक्टरांनी यावरून अचूक निदान केलं की आजार झटक्याझटक्याने येतो आहे.

शेवटी त्यांनी डबीत शिरून दार लावून घेतलं. "ताई, यंत्र नीट चालतंय का बघू. मीच बसतो. उगीच, गंमत म्हणून."

गंमत लांबली. डॉक्टर घाम पुसत बसलेले, ताई त्यांना धीर देण्यासाठी नेहमीपेक्षा जास्त मान हलवतायत, आणि कळ दाबायच्या आधी बोट वर, नंतरही बोट वर. बाहेर आल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "दारच असणार. दाराचाच आवाज आहे हा."

"कुठला आवाज?" बाकावरच्या एका आजींनी विचारलं.

"आवाज नाहीच आहे," डॉक्टर म्हणाले, "पण दार दुरुस्त करून घेतो."

डबीचं दार बसवलं होतं खिळेशेठनी. त्यांना निरोप गेला, तसे ते हातोडी, पकड आणि खिळ्यांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन हजर झाले. आल्या आल्या त्यांनी दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. दार मांजराच्या पावलांनी हलत होतं.

"बघा! आपलं दार बोलत नाही. एवढं तेल, एवढा डिंक पाजलाय, बोलेल कशाला?" ते बहिणीकडे वळले. "काय गं चिमणे, वाजतंय का हे?"

चिमणी भावाला नाही कशी म्हणणार? तिने मान हलवली, म्हणजे, बरोबर आहे तुझं, नाही वाजत. कुर्र.

खिळेशेठ गरकन फिरले. "कोण बोललं?"

"तुम्हालाही आला?" डॉक्टर इतक्या आनंदाने ओरडले की बहिऱ्यांच्या बाकावरच्या दोघांनी वळून बघितलं. मग त्यांना आपलं पद आठवलं. "म्हणजे, मी आपलं विचारलं. कसला आवाज?"

खिळेशेठच्या इभ्रतीचा प्रश्न झाला. त्यांनी दार बिजागरीसकट उतरवून भिंतीला टेकवलं. तरी पुढच्या पेशंटला ताईंनी "या" म्हणून मान हलवली आणि कुर्र. मग चौकट ठोकून पाहिली. मग चौकटीशेजारचं कपाट रिकामं करून आडवं केलं. कपाटावरचे कानांचे मोठे मोठे प्लॅस्टरचे नमुने खाली एका रांगेत मांडले. ते सगळे मिळून ऐकत बसल्यासारखे दिसत होते. मग बाक. बाकावरच्या माणसांना उठवायला ताईंनी हातवारे केले, मान हलवली, आणि आवाज आला. बाक उलटा पडला, चारी पाय वर, तरी मान हलली की आवाज यायचाच. दुपारपर्यंत दवाखान्याचं गोदाम झालं.

आता मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. डबीला दार उरलं नव्हतं. ताई आत बसून एकेकाला तपासत होत्या, आणि ती कुरकुर सावकाश बाहेर झिरपत होती. जाड होती, खालच्या पट्टीतली होती. म्हाताऱ्या कानांतून बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज शेवटपर्यंत राहतात. ज्यांना फोनची घंटा, सुनेची हाक, दूधवाल्याची कडी काही ऐकू येत नव्हतं, त्यांच्यापर्यंत तो आवाज पोहोचला. कुर्र. एका आजींनी भिंतीला डोकं टेकलं आणि त्यांचे पाय हळूहळू हलू लागले, बागेतल्या झोपाळ्यावर बसल्यासारखे. कुर्र. एक निवृत्त मास्तर उठून उभे राहिले आणि कोटाची बटणं लावू लागले. त्यांना वाटलं फाटक वाजलं, कुणीतरी आपल्याकडे आलंय. कुर्र. घड्याळजी तर खिडकीशी बसून दोन्ही हातांनी नसलेली वल्ही मारत होते. उन्हाची तिरीप जमिनीवरून सरकत प्लॅस्टरच्या कानांवर आली. तपासणी कधीच संपलेली माणसंही घरी जाईनात.

"ताई, जरा चहा घ्या," डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं, ताई दमल्या.

ताई तोंड धुवायला गेल्या. आरशात बघितलं. कानातले जागच्या जागी होते, काळं शिसव गालाशी चमकत होतं. होईल सगळं नीट, संध्याकाळपर्यंत टिकतील, असं त्यांनी आरशातल्या बाईला मान हलवून सांगितलं.

कुर्र.

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. परत हलवली. कुर्र. डावीउजवीकडे हलवली. काही नाही. खाली-वर, कुर्र. आडवी, गप्प. त्यांना सगळं समजलं. ती केसभर जागा! पारव्याची शेपटी खाचेत खाली-वर सरकते, आडवी सरकू शकत नाही. नवऱ्याने असे कानातले केले होते, की नाही म्हटलं तर चुपचाप आणि हो म्हटलं की बोंब.

काढावेत तर शब्द मोडतो. सोमवारी खुंटीरावांच्या हातात डिंकाची वाटी येते. ठेवावेत तर दवाखाना जमीनदोस्त होतो. ताईंनी विचार केला आणि तिसरी वाट काढली. संध्याकाळपर्यंत हो म्हणायचंच नाही.

त्या बाहेर आल्या त्या डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असल्यासारख्या.

"चिमणे, कपाट परत याच भिंतीला लावायचं ना?" खिळेशेठनी विचारलं. ताईंची मान हलायला निघाली, त्यांनी ती कशीबशी आडवी वळवली. नाही. खिळेशेठ कपाट उचलून जिन्याकडे घेऊन गेले. "बाई, आता माझाच नंबर ना?" मास्तरांनी विचारलं. नाही. मास्तर बटणं सोडून परत बसले. "चहात साखर?" नाही. "बरं वाटत नाही का?" नाही. "म्हणजे बरं वाटतंय?" नाही.

शेवटी डॉक्टर आले. त्यांनी ताईंना कोपऱ्यात नेलं. आवाज अगदी खाली आणला. "ताई, तुमच्यापासून काय लपवायचं? सकाळपासून माझे कान वाजतायत. तुमच्या दादांना आवाज आला तो माझ्या समाधानासाठी असेल. तुम्ही माझा कागद पाहिलाय. इतकी वर्षं ही माणसं तपासताय. खरं सांगा. मी बरा होईन ना?"

ताईंचे डोळे भरून आले. मान खाली जाऊ लागली. त्यांनी दात आवळले, मान धरली, आणि धरलेली मान सवयीने डावीकडे गेली, उजवीकडे गेली.

डॉक्टर मटकन खाली बसले. नेमके खिळ्यांच्या डब्यावर. झाकण लागलेलं होतं हे त्यांचं नशीब. "घरी काय सांगू?" ते पुटपुटले. "हिला वाटेल, न ऐकण्यासाठी नवा बहाणा काढला."

हे ताईंना बघवलं नाही. "अहो, नाही हो डॉक्टर! व्हाल, बरे व्हाल, तुम्हाला काही झालेलंच नाही!" आणि अडवून धरलेले सगळे होकार एकदम सुटले. मान खाली-वर, खाली-वर. कुर्र, कुर्र, कुर्र, कुर्र.

सगळा दवाखाना वळला. डॉक्टर उठले, एक पाऊल पुढे आले आणि त्यांनी आयुष्यात प्रथमच एका कानात न बघता कानाच्या पाळीकडे बघितलं.

"हे?"

कुर्र.

"हे होय!" डॉक्टरांनी ताईंचे दोन्ही हात धरले. "ताई, हे लाकूड आहे हो! मी ठणठणीत आहे!"

सगळ्यांत जास्त आनंद झाला खिळेशेठना. ते कपाट जिन्यातच ठेवून धावत आले. "वाजली! खुंटी वाजली! सकाळपासून माझ्या दाराला नावं ठेवताय, आणि वाजतंय काय, तर भावोजींचं जपान!" त्यांनी लगेच फोन करून भावोजींना बोलावून घेतलं.

खुंटीराव आले ते केसांत भुस्सा घेऊनच. सरळ बायकोच्या कानाशी कान नेला. "हलव."

कुर्र.

खुंटीरावांचे डोळे उघडे राहिले. किती तरी वेळ उघडेच राहिले. मग त्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं. "दादा, सोमवारी किती वाजता येऊ?"

"अहो, असं काय करता?" ताई म्हणाल्या. "मोडले नाहीत, निघाले नाहीत. जरा बोलले, एवढंच."

"बोलणारा सांधा हा सांधाच नव्हे." त्यांनी खिशातून मेणाचा खडा काढला. कानातले न काढता, नखाच्या टोकाने, श्वास रोखून, खाचेत मेण भरलं. "हलव."

ताईंनी मान हलवली. काही नाही. जोरात हलवली. दोन लाकडं रेशमासारखी एकमेकांवरून सरकली. खुंटीरावांनी डोळे मिटले.

पण दवाखान्यातून एक सुस्कारा उठला. आजींचे पाय थांबले. मास्तर फाटकाकडे, म्हणजे भिंतीकडे, बघत राहिले. घड्याळजी खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "वल्ही कुणी घेतली?"

तेवढ्यात मालकीणबाई दारात आल्या. म्हणजे जिथे दार असायला हवं तिथे. उलटा बाक, रांगेने बसलेले कान आणि खिळ्यांचा डबा यांवर त्यांची नजर फिरली, पण त्या कामाच्या बाई होत्या. सरळ ताईंपाशी गेल्या. कानातले बोटांनी चाचपले, ओढून पाहिले. "मध्ये काढले होते?"

ताईंनी मान हलवली. नाही. तीही गप्प.

"छान. टिकले. ठरल्याप्रमाणे फळी तुमची."

"नको," खुंटीराव म्हणाले. ताईंनी कपाळाला हात लावला, पण खुंटीराव थांबले नाहीत. "दिवसभर कुरकुरत होते. आत्ता मेण लावून गप्प केलेत. तुम्हाला सांगितल्याशिवाय फळी घेणं बरं नव्हे."

मालकीणबाई काही बोलणार, तोच कुणीतरी त्यांच्या पदराला हात लावला.

"आलीस?" घड्याळजी म्हणाले. "आज मी दिवसभर नावेत होतो बघ. तू पुढे बसली होतीस, पाय पाण्यात सोडून. वल्ह्याची कडी कुरकुरायची नि तू म्हणायचीस, बाबा, हिला तेल घाला. आणि मी म्हणायचो, असू दे, सोबत असते. आठवतं का तुला?"

मालकीणबाईंना आठवत होतं. त्यांच्याशी वडील एका दमात इतकं कधी बोलले होते, ते मात्र त्यांना आठवेना. त्यांनी पाठ फिरवून नाक ओढलं आणि मग त्या खुंटीरावांकडे वळल्या.

"गप्प दागिने माझ्याकडे कपाटं भरून आहेत. मला वाजणारे हवेत. एक जोडी मी घालणार, घरात. फळी सोमवारपर्यंत रिकामी ठेवते."

"आमच्या सूनबाईंसाठी पण एक जोडी," आजी म्हणाल्या. "निदान हो म्हणाली की कळेल तरी."

आता पंचाईत अशी झाली की मेण एकदा लाकडात मुरलं की मुरलं. ते कानातले कायमचे शहाणे झाले. खुंटीरावांनी रविवारी सकाळी नवी जोडी केली. गप्प. जागा थोडी जास्त सोडली, तर खालचा तुकडा लोंबला. कमी सोडली, तर हलेना. नेम धरून चुकायला बसले, पटाशी तिरपी धरली, आणि हाताने आपणहून ती सरळ केली. इतक्या वर्षांचं वळण लागलेला हात. त्याला चूक सांगितली तर ऐकू येत नव्हतं. ताई प्रत्येक जोडी कानाला लावून मान हलवत होत्या आणि खुंटीराव आशेने विचारत होते, "वाजलं का गं?"

"नाही हो. एकदम सुरेख झालंय."

"अरेरे."

सोमवारी सकाळी खिळेशेठ भावोजींना कारखान्यात न्यायला आले तेव्हा खुंटीराव भुश्शात बसले होते, आणि भोवती एकाहून एक निर्दोष, मुक्या जोड्यांचा ढीग पडला होता.

"चला, भावोजी. पुरे झालं जपान."

"येतो, दादा. माझ्याच्याने नाही झालं."

"नाही झालं?" खिळेशेठना हे नवीन होतं. त्यांनी एक तुकडा उचलून फिरवला. "यात काय आहे न होण्यासारखं? एकात एक घालायचं नि मोकळं व्हायचं. खिळाच नको, म्हणजे निम्मं काम कमी. सरका, मी दाखवतो. आपण काढलेला सांधा वाजला तर नाव बदलून ठेवा."

खुंटीराव सरकले. खिळेशेठ पाटावर ऐसपैस बसले, जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून त्यांनी मनापासून काम केलं. असं मनापासून त्यांनी जन्मात केलं नव्हतं. शेवटी दोन तुकडे एकमेकांत दडपले आणि बहिणीच्या हातात दिले. "लाव. हलव मान."

ताईंनी कानाला धरलं, मान हलवली.

कुऽऽर्र.

जाड, लांब, गोड. आवाजात होडी होती, फाटक होतं, दुपार होती. खुंटीरावांचे डोळे आपोआप मिटले. खिळेशेठ मात्र लालबुंद झाले.

"थांबा! लाकूड ओलं असणार. दुसरा देतो."

दुसरा पहिल्याहून सरस वाजला. तिसऱ्यात तर कुणीतरी दूर किनाऱ्याला लागत असल्याचा भास झाला. खुंटीराव ते हलक्या हाताने एकेक उचलून, शिसवाला चकाकी देऊन, दुकानात न्यायच्या पेटीत ठेवत होते. ताईंनी भावासाठी चहा आणला, पाठीशी उशी दिली आणि कारखान्यात निरोप धाडला की शेठ आज यायचे नाहीत, उद्याचंही नक्की नाही.

"असं कसं वाजतं?" खिळेशेठ घाम पुसत, नवा तुकडा ओढून घेत गरजले. "मी सांगतो, भावोजी, बिनआवाजाचा सांधा जमल्याशिवाय मी इथून उठणार नाही!"

खुंटीरावांनी घाबरून बायकोकडे पाहिलं. मग ते मेव्हण्याच्या जवळ सरकले, त्याच्या हातातली पटाशी, जरा सरळ होत आली होती ती, अलगद तिरपी केली आणि म्हणाले,

"सावकाश, दादा. घाई काय आहे?"